दोन कॅमशाफ्ट आणि बाबांचं लायसन्स

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. चैतन्य म्हणतो, इंजिनवर काम करणारा माणूस नोंदी ठेवतो, बाकीचे नुसते बोनेट उघडून उभे राहतात. मी पहिल्या प्रकारचा.

चैतन्य हा आमच्या 'ईस्टर्न टॉर्क' ग्रुपचा अॅडमिन. वय एकोणतीस, अनुभव दांडगा. ग्रुपवर त्रेसष्ट गाडीवेडे, ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत. मी तीन वर्षं मेंबर आहे. माझ्या मेसेजला अंगठे कमी येतात. कारण सरळ आहे, माझ्याकडे दाखवण्यासारखी गाडी नाही. ते आता बदलेल.

गाडी तशी बाबांची. मिल बंद पडल्यावर बाबा ड्रायव्हर झाले. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि रिटायर होताना ही एक स्वतःची घेतली. एकवीस वर्षांत अंगावर ओरखडा नाही. आज सकाळी त्यांनी ती धुतली, झेंडूचा हार घातला, इंजिन चालू केलं आणि सीटवर बसून डोळे मिटून ऐकत राहिले. मीही ऐकलं. शिलाई मशीन. मला वाईट वाटलं.

बाबांचं लायसन्स १२ डिसेंबरला संपतं. वय एकोणऐंशी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलंय, पुढचं सर्टिफिकेट देणार नाही. त्यांची एकच इच्छा आहे. दत्तजयंतीला, ४ डिसेंबरला, गावी जत्रा असते. मुलुंड ते मालवण स्वतः चालवत जायचं. मग किल्ली ठेवून द्यायची.

माझा निर्णय झालाय. शेवटची फेरी शिलाई मशीनवर होणार नाही. इंजिनात दोन परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवतो. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. नवे जरा जास्त उघडतात, जास्त वेळ उघडतात, इंजिन मोकळा श्वास घेतं. मग लॅपटॉपवर ट्यूनिंग. एकूण तीन रविवार.

वसुधाने विचारलं, त्यांनी मागितलंय का. सरप्राईज मागत नसतात हे तिला लग्नाच्या सतरा वर्षांत कळलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

सरप्राईज फोडावं लागलं, कारण गाडीची किल्ली बाबांच्या उशाखाली असते. सगळं समजावून सांगितलं. लिफ्ट, ड्युरेशन, एअरफ्लो. बाबा शेंगा सोलत होते. म्हणाले, "गाडी बरी चलता हा. चलांदे."

परवानगी मिळाली.

११ ऑक्टोबर, शनिवार.

कॅमशाफ्ट आले. चैतन्यच्या ओळखीतून. काय चकाकतात. पलंगावर टॉवेल घालून ठेवले आणि अर्धा तास नुसता बघत बसलो. वसुधाला म्हटलं, हात लाव, बघ कसे गार आहेत. तिने टॉवेल ओळखला. तिचा होता.

दुपारी सहदेव आला. शाळेतला मित्र, भांडुपला गॅरेज आहे त्याचं. बाबांची गाडी पहिल्यापासून तोच बघतो. बाबांना काका म्हणतो, बाबाही त्याचं माझ्यापेक्षा जास्त ऐकतात. त्याने कॅमशाफ्ट उचलून खिडकीकडे धरला, बोटाने चाचपला आणि म्हणाला, "चांगला आहे रे. पण काकांच्या गाडीला कशाला? याने खालची ओढ जाते, पॉवर वर येते. काका तीन हजार आरपीएमच्या वर कधी जातच नाहीत. घाटात काय करतील ते?"

सहदेवची मर्यादा ही की तो कानाने गाड्या दुरुस्त करतो. त्याच्याकडे लॅपटॉप नाही. मी त्याला हे प्रेमाने सांगितलं. तो चहा न घेता गेला. कामात असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार.

इंजिन उघडलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच, सेक्रेटरी सकाळी देवळात जातात त्या वेळात. जुने कॅमशाफ्ट बाहेर. काळपट, तेलकट, झिजलेले. लगेच भंगारवाल्याला देऊन टाकले. घरात राहिले असते तर कोणीतरी परत बसवू म्हटलं असतं.

बाबा जिन्यात उभे होते. त्यांनी विचारलं, जुने कुठे. मी सांगितलं. ते वर गेले.

वसुधा म्हणते ते जेवले नाहीत. दिवाळीचा फराळ चाखून भूक मेली असणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

ऐतिहासिक दिवस. इंजिन सुरू झालं.

मध्ये एक किरकोळ गोष्ट. बाबांनी परस्पर सहदेवला फोन केला होता. तो आला आणि म्हणाला, चावी मारायच्या आधी हाताने फिरवून बघू. इंजिन अर्ध्यात अडलं. टायमिंग बेल्ट एक दात पुढे बसला होता. सहदेव म्हणाला, चावी मारली असतीस तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असते, इंजिन संपलं असतं. मी ते तपासणारच होतो. नंतर.

बेल्ट त्याने बसवला, चावी मी मारली. आवाज: डुग, डुग, डुग-डुग, फट्, डुग. पूर्ण गाडी म्हशीसारखी अंग हलवत होती. मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे. माझा आजवरचा विक्रम.

सहदेव हात पुसताना म्हणाला, "एक लक्षात ठेव. इंजिन हवा ओढतं ना, त्या ओढीवर तुझा ब्रेक हलका लागतो. या कॅमने उभ्या गाडीत ओढ कमी पडणार. ब्रेक कडक लागेल. काकांच्या पायात तेवढा जोर नाही. नीट ट्यून झाल्याशिवाय त्यांच्या हातात देऊ नकोस."

नोंद केली.

बाबांना विचारलं, आवाज कसा वाटतो. म्हणाले, "तिका थंडी भरल्यासारी वाटता." बाबांना विनोदाची चांगली जाण आहे.

२ नोव्हेंबर, रविवार.

ट्यूनिंग सुरू. खरं काम हे. गाडीच्या कॉम्प्युटरला माहीतच नाही की आत नवे कॅमशाफ्ट आलेत. त्याला शिकवावं लागतं. लॅपटॉपवर आकड्यांचा मोठा तक्ता येतो, प्रत्येक चौकोनात किती पेट्रोल सोडायचं ते लिहायचं. दोनशे छप्पन्न चौकोन. आज नऊ केले.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची चाल, स्थिर नाही. काटा नऊशे ते दोन हजार असा येरझारा घालतो. मधेच बंद पडते.

संकल्प: रोज ऑफिसला जायच्या आधी वीस चौकोन.

३ नोव्हेंबर, सोमवार.

उठायला उशीर झाला.

९ नोव्हेंबर, रविवार.

पेट्रोल थोडं वाढवलं. धूर आला. काळा, दाट, पण एकसारखा, म्हणजे मिश्रण सगळ्या सिलिंडरमध्ये समान आहे हे सिद्ध झालं. दुर्दैवाने पहिल्या मजल्यावर चादरी वाळत होत्या.

सेक्रेटरींनी नोटीस लावली. नाव न घालता, पण फ्लॅट नंबर घालून.

वसुधाने चादरी धुऊन दिल्या. चार. शाळेतले सहामाहीचे पेपरही तपासायचे होते तिला. बोलत नव्हती. एकाग्रतेने धूत होती.

पेट्रोल कमी केलं. आता सायलेन्सरमधून फटाके फुटतात. बाबा खाली आले नाहीत. पूर्वी रोज सकाळी फडकं घेऊन यायचे. मीच सांगितलं होतं, बाबा, सेन्सरच्या वायरी आहेत, तुम्ही जरा लांब राहा.

१६ नोव्हेंबर, रविवार.

ग्रुपची मढला ड्राइव्ह. ट्यूनिंग सत्तर टक्के झालंय, रस्त्यावर डेटा मिळेल म्हणून गेलो. बाबांना विचारलं, येता का. त्यांनी आधी शर्ट बदलला, मग विचारलं चालवणार कोण. मी म्हटलं, मी. त्यांनी शर्ट परत बदलला.

पवईपर्यंत उत्तम. सिग्नलला बंद पडली. सुरू केली. पुन्हा बंद. चौथ्यांदा सुरू करताना इतका मोठा आवाज झाला की शेजारचा रिक्षावाला उतरून बाजूला उभा राहिला. मागे हॉर्न. चैतन्य आणि मंडळी शेजारून पुढे निघाली. एकाने काच खाली करून व्हिडिओ काढला. मला वाटलं मदतीसाठी लोकेशन कळावं म्हणून.

टोइंगची गाडी आली तेव्हा साडेअकरा. ते मढला मासे खात होते. फोटो आले.

व्हिडिओ ग्रुपवर आहे. वर लिहिलंय, 'परफॉर्मन्स'. त्रेचाळीस जणांनी प्रतिक्रिया दिली. हसरे चेहरे आहेत, पण त्रेचाळीस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

चैतन्यला फोन करून विचारलं, तक्ता बघून देशील का. म्हणाला, "काका, तुम्ही आधी बेसिक शिका. आणि प्लीज, ही गाडी आपल्या ग्रुपची आहे असं कोणाला सांगू नका."

मला काका म्हणाला. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.

दुपारी बघितलं तर ग्रुप दिसेना. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

सहदेव घरी. बाबांच्या समोर म्हणाला, "दोन दिवस गाडी दे मला. कुर्ल्याच्या भंगारबाजारात फिरून जुने कॅमशाफ्ट शोधतो, बसवतो. काका तीस तारखेला आरामात निघतील." बाबा माझ्याकडे बघत होते. वसुधासुद्धा.

मी नाही म्हटलं. नव्वद टक्के काम झाल्यावर दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे बाबांचा माझ्यावरचा विश्वास मोडणं. बाबांना तसं विचारलं. माझ्यावर विश्वास आहे ना?

बाबांनी वसुधाकडे बघितलं. मग म्हणाले, "तू झील माझो." झील म्हणजे मुलगा. याहून मोठी पावती काय असते?

२६ नोव्हेंबर, बुधवार.

रजा टाकली. आज मोठा शोध लागला. हवेची ओढ मोजल्याशिवाय आयडलिंग बसणार नाही. त्यासाठी मीटर मागवला होता. तो जोडायला इंजिनावर जागा एकच, तिथे ब्रेकचा पाइप होता. तो काढून बाजूला ठेवला, मीटर जोडला. तात्पुरतं.

आणि जमलं. पंधराशेवर काटा थांबला. डुगडुग आहे, पण तालात. सलग अकरा मिनिटं बंद पडली नाही. मीटरचा आकडा बघत बसावासा वाटतो.

वसुधाला खाली बोलावून दाखवलं. तिने विचारलं, आता बाबा जातील ना. मी म्हटलं, जातील म्हणजे काय, उडत जातील.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

गाडी तयार. रस्त्यावर चालवून बघितली नाही, पवईसारखं नको. लॅपटॉपवर सगळं हिरवं दिसतंय. दोनशे छप्पन्नपैकी एकशे चाळीस चौकोन भरलेत, बाकीचे अंदाजाने.

बाबांनी केस कापून घेतले. इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावलाय. पिशवीत जत्रेतल्या नारळांसाठी जागा ठेवलीय. सहदेवने दुपारी फोन करून विचारलं, ब्रेक बघितलास का. मी म्हटलं, सगळं बघितलंय. आणि मी बघितलं होतंच. बघताना काही वावगं दिसलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.

निघायचा दिवस. वसुधा ओवाळायला ताट करतेय. तीही जाणार बाबांबरोबर, मी मागून बुधवारी. बाबा बूट घालून अर्ध्या तासापासून खुर्चीत बसलेत. बावीस वर्षांचे दिसतात.

त्याच दिवशी. दुपारी ३.

सविस्तर लिहीत नाही. थोडक्यात.

आमच्या पार्किंगमधून गेटकडे उतार आहे. बाबा गाडीत बसले. वसुधा गेटपाशी ताट घेऊन उभी. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो. गाडी उताराला लागली आणि थांबली नाही. बाबा सीटवरून उठल्यासारखे होऊन ब्रेक दाबत होते, ते व्हिडिओत दिसतं. मग हँडब्रेक ओढला. वसुधा बाजूला पडली. गाडी गेटच्या खांबाला लागली.

वसुधाचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. बाबांना काही नाही.

माणसं जमली. बाबा सगळ्यांना एकच सांगत होते, माझा पाय सटकला, माझा पाय सटकला. सेक्रेटरी म्हणाले, या वयात गाडी द्यायचीच कशाला हातात. बाबांनी मान हलवली. मी बोलणार होतो. तेवढ्यात रिक्षा आली.

हॉस्पिटलमध्ये वसुधाला एक्स-रेला नेलं, बाबा तिच्याबरोबर आत गेले. मी गाडीची कागदपत्रं आणतो म्हणून घरी आलो. बोनेट उघडलं. ब्रेकचा पाइप बाजूला लटकत होता. मीटर जागेवर.

मीटर काढला, पाइप लावला, नवी क्लिप बसवली. इंजिनाच्या बाबतीत मला अस्ताव्यस्त आवडत नाही.

१ डिसेंबर, सोमवार.

बाबांनी सकाळी पाकिटातून लायसन्स काढलं आणि वसुधाला दिलं. "ह्यां तुझ्याकडे ठेव." तिने डाव्या हाताने घेतलं. ती म्हणत होती, बाबा, तुमची चूक नाही. ते म्हणाले, मग कोणाची? गाडी तर झिलान नवी केल्यान.

मी अंघोळीला गेलो.

२ डिसेंबर, मंगळवार.

पूर्ण विचार केला. लायसन्स दहा दिवसांत संपणारच होतं. म्हणजे मुळात प्रश्न दहा दिवसांचा आहे. शिवाय आता त्यांना स्वतःला वाटतंय की थांबावं. गाडी सोडणं म्हाताऱ्या माणसांना किती जड जातं. एका अर्थी त्यांना सोपं झालं.

सांगायचं आहेच. योग्य वेळ बघून.

बाबा वसुधाला भाजी चिरून देतात, नारळ खवून देतात. तिच्याकडे वर बघत नाहीत. पोळ्या बाहेरून आणतो आपण. जाड असतात.

३ डिसेंबर, बुधवार.

सहदेवने गाडी ओढून भांडुपला नेली. नेण्याआधी बोनेट उघडून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "ही क्लिप नवी आहे."

मी म्हटलं, हो, मी मेंटेनन्स करतो. मीटर बॅटरीशेजारीच राहिला होता, तो त्याने उचलला.

"मीटर कुठे जोडला होतास रे?"

मी म्हटलं, इंजिनला.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बोनेट हळूच लावलं, जसं बाबा लावतात. म्हणाला, "काकांना माहीत आहे?" मी म्हटलं, सांगणारच आहे, त्यांची तब्येत बघून.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.

गावाहून चुलत्यांनी जत्रेतून व्हिडिओ कॉल केला. पालखी दिसत होती, ढोल ऐकू येत होता. बाबा म्हणाले, नको, माका दिसत नाय नीट. आणि गॅलरीत गेले. आजचा दिवस सांगण्यासारखा नव्हता. सणाच्या दिवशी असं काही बोलू नये.

६ डिसेंबर, शनिवार.

सहदेव कालपासून चैत्यभूमीला, आज गॅरेज बंद. दोन दिवस मिळाले. शांतपणे विचार करता येईल.

टीव्ही बघितला.

८ डिसेंबर, सोमवार.

सहदेवचा फोन. कुर्ल्याच्या भंगारात याच मॉडेलचे कॅमशाफ्ट सापडले. बसवतोय. पुढचा पत्रा ठोकून झाला. गाडी शुक्रवारी आणतो म्हणाला.

"शुक्रवारी बारा तारीख. काकांचं लायसन्स चालू आहे तोवर एकदा तरी चालवतील. त्याच्या आधी तू सांग. तू नाही सांगितलंस तर दारात उभं राहून मी सांगेन."

मैत्रीत असं बोलणं मला पटत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार.

काय सांगायचं ते कागदावर लिहिलं. सुरुवात 'तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर' अशी. चांगली जमलीय. दीड पान.

११ डिसेंबर, गुरुवार.

दोन पानं झाली. उद्या. संध्याकाळी चहाच्या वेळी, गाडी खाली उभी, मी सांगतो, बाबांच्या मनावरचं ओझं उतरतं, मी किल्ली पुढे करतो, ते घेतात, आम्ही दोघं एक चक्कर मारतो, टोलनाक्यापर्यंत. विचार करताना माझेच डोळे भरून आले.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

सगळं आठवतंय तोवर लिहितो.

पाच वाजता सहदेवने गाडी आणली. आवाज खालून वर आला. एकसारखा, बारीक. बाबा खुर्चीत बसले होते, त्यांचे डोळे मिटले. सहदेव किल्ली टेबलावर ठेवून दाराशी उभा राहिला. वसुधा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. मी कागद काढला.

दुसऱ्या वाक्यालाच वसुधा म्हणाली, "साधं बोल."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुमचा पाय सटकला नव्हता. ब्रेकचा पाइप मी काढला होता. लावायला विसरलो."

मी म्हटलं, नंतर लावला मी.

"कधी?" वसुधाने विचारलं.

"तेव्हाच. तू एक्स-रेला होतीस तेव्हा."

"म्हणजे तेव्हापासून तुला माहीत आहे."

तारखेप्रमाणे ते बरोबर होतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे पाय नाय सटकलो माझो?" मी नाही म्हटलं. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, बारा दिवस सकाळी उठून भिंतीला पाय लावून दाबून बघतोय, जोर गेला कधी ते कळेना. हे ते मला सांगत नव्हते. पायाकडे बघून बोलत होते. मग त्यांनी वसुधाच्या प्लास्टरच्या टोकाला, बोटं बाहेर आहेत तिथे, दोन बोटं लावली. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. ती रडायला लागली. मला वाटलं, सुटलो सगळे.

मी किल्ली उचलून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, चला बाबा, लायसन्स आज रात्री बारापर्यंत आहे.

त्यांनी हात पुढे केला. किल्लीपर्यंत आणला. हात थांबला आणि खाली आला.

"त्याच दिसा सांगलं असतंस," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिसा मी बसलंय असतंय. आता नाय. आता पाय आयकाचो नाय माझो."

मी म्हटलं, पण पायाला काही झालेलंच नाही, तेच तर सांगतोय. डॉक्टरला दाखवू. हळूहळू चालवा. मी बाजूला बसतो.

"तू नको," बाबा म्हणाले.

सहदेव दारातूनच म्हणाला, "काका, रविवारी गावाला जाऊ. जत्रा गेली तर गेली, घर बघून येऊ. मी चालवतो."

बाबांनी मान हलवली. वसुधा म्हणाली, मी पण येते. किल्ली माझ्या हातात होती. सहदेवने ती मागितली, मी दिली.

१४ डिसेंबर, रविवार.

पहाटे पाचला निघाले. गाडी सहज चौघांची आहे. बॅग मागच्या सीटवर ठेवली होती, त्यामुळे जागा अडली असावी.

चैतन्यला जुन्या तक्त्याबद्दल मेसेज केला. एकच टिक.

दुपारी वसुधाचा फोन. चिपळूणला जेवायला थांबलेत. मी विचारलं, कशेडी घाटात गाडी कशी ओढली. ती म्हणाली, छान. मी म्हटलं, आणि बाबा? मजेत ना?

ती म्हणाली, बाबा सहदेवच्या बाजूला बसलेत. मुलुंडपासून प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर, पायाखाली काही नाही तिथे ब्रेक दाबतायत. दोन्ही पायांनी. सहदेवने आता गाडी चाळिसावर आणलीय.

मी म्हटलं, चाळिसाला टॉप गिअरमध्ये इंजिनवर लोड येतो, त्याला सांग.

तिने फोन ठेवला.